पडद्याची खोट

२० मे २००६, शनिवार

रोहिणीला लॅपटॉप हवा आहे. सकाळी चहाच्या वेळी तिने आईकडे पाहिलं, महादेवीने माझ्याकडे पाहिलं, आणि मी ओळखलं की मायलेकींचं आधीच ठरलेलं आहे, मला फक्त कळवण्यात येतंय.

तिचं म्हणणं चुकीचं नाही. एमसीएचं शेवटचं वर्ष. पुण्याच्या एका कंपनीने निवड केलीय, पण प्रोजेक्ट पुरा करून कॉलेजचा दाखला दहा जुलैच्या आत दाखवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि बीडात सकाळी चार तास लाईट नाही, दुपारी चार तास नाही. कॉलेजातले कॉम्प्युटर बंद, बाजारातले बंद. लॅपटॉप बॅटरीवर चालतो म्हणे. आमच्या दोन्ही घराण्यांत नोकरीसाठी पुण्याला जाणारी ही पहिली मुलगी. ती जागा जाऊ द्यायची नाही, हे मलाही कळतं.

पण तिने कागद पुढे केला त्यात तीन कंपन्या होत्या, निशिमा, हॅलडेन आणि कृतिका, आणि निशिमापुढे पेनाने बरोबरची खूण आधीच केलेली. ही खूण कुणाची, विचारलं. म्हणाली, माझीच. इतक्या पटकन म्हणाली की मला शंका आली.

एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली. दुकानदार ज्या वस्तूकडे बोट दाखवतो तिच्याकडे आधी पाहायचं नाही, एवढं तरी शिकलो. तिन्ही तपासू, मग घेऊ, असं सांगितलं. रिटायर होताना कोऱ्या तपासणी वह्या घरी आल्या होत्या, त्यातल्याच एकीत हे लिहितोय.

२३ मे, मंगळवार

सुभाष रोडला ‘प्रज्ञा कॉम्प्युटर्स’. मालकाचं नाव सौरभ, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. काउंटरमागे बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, खाली इन्व्हर्टर. तिन्ही कंपन्यांचा माल बीडात याच्याकडेच मिळतो. बोलायला गोड आहे. गोड बोलणाऱ्याचा काटा मी नेहमी दोनदा तपासत आलो.

सोबत माझी हातातली तागडी आणि पितळी वजनं नेली होती. रोहिणी म्हणाली, “अप्पा, हे कावून आणलंत?” तिला दुकानात लाज वाटत होती. वाटू दे. कागदावर निशिमाचं वजन दोन किलो चारशे. माझ्या तागडीत भरलं दोन सातशे वीस. सौरभ म्हणाला, कागदावरचं वजन बॅटरी सोडून असतं. मी विचारलं, मग काय बॅटरी दुकानातच ठेवून जायची असते का? जास्त भरलं यात गिऱ्हाइकाचं नुकसान नाही, पण जो वजन खोटं लिहितो तो आणखी काय काय लिहीत असेल.

ते लगेच दिसलं. आत माल साठवायची जागा ऐंशी जीबी, असं खोक्यावर छापलेलं. मशीन सुरू केल्यावर तेच मशीन चौऱ्याहत्तर दाखवतं. सहा गेले कुठे? सौरभने समजावलं की कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि मशीन एक हजार चोवीसच्या. मी हसलोच. घ्यायला एक माप आणि द्यायला दुसरं, यावर आम्ही थेट खटला भरत होतो. तिन्ही कंपन्यांचं तेच.

शेरा: तिन्ही संशयास्पद. विक्रेता हजरजबाबी.

२७ मे, शनिवार

आज पडदा तपासला. पोरं स्क्रीन म्हणतात. मी पडदाच म्हणतो, चांगला शब्द असताना दुसरा कशाला. सौरभकडून निशिमावर पांढरं पान उघडून घेतलं आणि त्यावर उभ्या-आडव्या रेघांचा तक्ता काढायला लावला. मग खात्याच्या पद्धतीने पाहिलं. नाक बरोबर समोर आणायचं, डावा डोळा मिटायचा, उजव्याने बघायचं. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं तर काट्याची सुई सरकल्यासारखी वाटते आणि दुकानदाराला वाद घालायला जागा मिळते. माझ्या उजव्या डोळ्याशी वाद घालून जिंकलेला दुकानदार बीड जिल्ह्यात नाही.

पडद्याच्या मधोमध रेघा वाकलेल्या. पाण्यात काठी दिसते तशा. आणि अगदी मध्यावर एक धुरकट डाग.

हॅलडेन मागितला. तोच बाक, तोच डाग. कृतिका मागितला. तोच. सौरभ वाकून बघत म्हणाला, “काका, रेघा सरळ हायत.” रोहिणीही म्हणाली, सरळ आहेत अप्पा. दोघांचं उत्तर एकाच वेळी आणि एकाच शब्दात. साक्षीदार असे बोलायला लागले की समजायचं, त्यांची बैठक आधी झालेली आहे.

माझा अंदाज असा की कंपन्या चांगला माल मुंबई-पुण्याला पाठवतात आणि बाद झालेला आमच्यासारख्यांच्या गळ्यात मारतात. पडद्याला खोट आहे आणि हा पोरगा ती लपवतोय. खरेदी थांबवली. 

३० मे, मंगळवार

पेपराची छपाई अगदीच बिघडलीय. महादेवीने नव्या कपबश्या आणल्यात, त्यांचा काठ फसवा आहे. दोन दिवसांत दोनदा चहा बशीबाहेर सांडला. जुन्या काढून ठेव म्हटलं तर म्हणाली, या जुन्याच आहेत. मी वाद घातला नाही.

२ जून, शुक्रवार

आज उलगडा झाला. बबनराव, आमच्या ऑफिसचे जुने हेडक्लार्क, भाजी बाजारात भेटले. त्यांना प्रज्ञा कॉम्प्युटर्सचं विचारलं. म्हणाले, तो ज्ञानोबाचा पोरगा. कोण ज्ञानोबा? तर चकलांब्याचा, ज्याची तागडी तुम्ही जप्त केली होती.

आठवलं. सत्त्याऐंशी साल. चकलांब्याच्या बाजारात कांदे-बटाटे घेऊन बसायचा. नवंच दुकान मांडलं होतं. तागडीची सुई रेघभर बाजूला. मी पंचनामा केला, तागडी उचलली, खटला झाला. बबनराव म्हणाले की त्यानंतर तो ऊसतोडीला गेला, बरीच वर्षं फडावरच होता, पोरगा बीडला वसतिगृहात राहून शिकला. हे मला माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणही नव्हतं.

आता इथे कुणी वाचणार नाही म्हणून पूर्ण लिहितो. त्या दिवशी त्या ओळीत चार काट्यांच्या सुया रेघभर बाजूला होत्या. तिघांना तोंडी समज दिली, एकाचा जप्त केला. बाजाराला एक तरी जप्ती दाखवावी लागे, वरून विचारणा होई. तिघांतले दोघे आमच्या लिंगायत मठात येणारे होते, तिसरा ओळखीचा. ज्ञानोबा कुणीच नव्हता. काम नियमात बसणारंच होतं.

मुद्दा हा की पोराने बापाचा डूख धरलाय. निरीक्षकाच्याच घरात खोटा माल घालायचा आणि मनात हसायचं. आता गोड बोलण्याचा अर्थ लागला.

६ जून, मंगळवार

पहाटेच्या एसटीने औरंगाबाद. रोहिणीला सांगितलं नाही. मोठ्या काचांचं दुकान, थंडगार हवा. निशिमा मागितला, रेघांचा तक्ता काढायला लावला, डावा डोळा मिटला.

तोच बाक आणि तोच डाग.

म्हणजे हा एकट्या सौरभचा उद्योग नाही, वरपासून खालपर्यंत साखळी आहे. तिथल्या विक्रेत्या मुलीनेही लगेच सांगितलं, रेघा सरळ आहेत. इतकी माणसं इतकं सारखं खोटं कशी बोलतात याचं मला खरंच नवल वाटलं. परतीच्या गाडीत खिडकीबाहेर बघत होतो, विजेचे खांब मात्र सरळच दिसले.

११ जून, रविवार

काल पुन्हा दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर सौरभला सांगितलं की तू बाद माल विकतोस. तो चिडला नाही. जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “काका, राग मानू नका. एकदा डोळे दाखवून घ्या.”

हे ऐकायची मला सवय आहे. काटा पकडला की प्रत्येक दुकानदार हेच म्हणायचा, साहेब, नजरेचा दोष असेल. एक जण तर चष्म्याचा नंबर विचारायला लागला होता, त्याला दुप्पट कलमं लावली. मी सौरभला म्हटलं, तुझ्या बापाची सुई ज्या डोळ्याने पकडली त्याच डोळ्याने तुझा पडदा पकडलाय. त्याचा चेहरा उतरला.  मला त्या वेळी बरं वाटलं, हे लिहून ठेवतो.

आज बसून चार अर्ज लिहिले. एक ग्राहक मंचाला, तीन कंपन्यांना. दुकानाचं नाव, तारखा, तपासणीची पद्धत, सगळं. खाली सही, महारुद्र, निवृत्त निरीक्षक, वजनमापे. ओळी खालीवर गेल्या. कागदाची प्रत हलकी आहे.

रोहिणी दारात उभी राहून म्हणाली, “अप्पा, एक महिना राहिला. माझी जागा जाईल.” मी म्हटलं, खोट्या मशीनवर केलेलं काम खोटंच निघणार. ती आत गेली. रडली असावी. मलाही वाईट वाटलं, पण तिच्या भल्यासाठीच चाललंय.

१९ जून, सोमवार

रोहिणी आता लॅपटॉपचं नाव काढत नाही. मला हे ठीक वाटत नाही. रोज अकराला जेवून निघते, संध्याकाळी परत. कुठे, तर चैतालीकडे. चैताली तिची वर्गातली मैत्रीण, हे खरं, पण चैतालीच्या गल्लीतही लाईट नसतेच. मग आठ-आठ तास दोघी करतात काय? महादेवीला विचारलं. म्हणाली, “पोरीचं काम चाललंय, तेवढं बघा.” मायलेकी एकीकडे झाल्यात. कुणाच्या नादी तर लागली नाही ना, असं मनात येतं. त्या सौरभचं नाव मनात आलं, ते लिहायलाही नको वाटतं.

आणखी एक. महादेवी सकाळी म्हणाली, गावात डोळ्यांचं शिबिर आहे, फुकट आहे, जाऊन येऊ. मी विचारलं, तुला कुणी सांगितलं. ती आत निघून गेली. म्हणजे त्या पोराचा निरोप घरापर्यंत पोचलाय. शिबिराला गेलो नाही. गेलो असतो तर उद्या ग्राहक मंचात तो म्हणाला असता, बघा, यांनाच शंका होती.

२४ जून, शनिवार

निशिमा कंपनीचं पत्र. चौकशी होईपर्यंत संबंधित विक्रेत्याचा पुरवठा थांबवलाय. रिटायर झाल्यापासून माझ्या सहीने काही थांबलं असं पहिल्यांदाच घडलं. पत्र दोनदा वाचलं. महादेवीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “त्याचं दुकान बंद पाडून तुमाला काय मिळणार हाय?” मी म्हटलं, न्याय. ती भाजी निवडत राहिली.

२६ जून, सोमवार

मंचाची तारीख जवळ आलीय. पुरावा म्हणून तागडी न्यायची, म्हणून दुपारी ती पुसायला काढली. खुंटीला टांगली, नाक समोर आणलं, डावा डोळा मिटला.

सुई मध्ये वाकलेली.

महादेवीला हाक मारली. तागडी कुणी पाडली? कुणीच नाही म्हणाली. मी आवाज चढवला. तिने हात पुसले, आतून रोहिणीची लोखंडी फूटपट्टी आणली आणि सुईला लावून धरली. म्हणाली, बघा, पट्टी आणि सुई एकाला एक लागून आहेत. पट्टीही वाकलेली होती. सुईबरोबर, सुईइतकीच.

लोखंडाची पट्टी.

मग मी डावा डोळा उघडला आणि उजवा मिटला. सुई सरळ झाली. पट्टी सरळ झाली. पुन्हा बदललं. पुन्हा वाकली, आणि महादेवीच्या बोटांच्या जागी धुरकट डाग आला. चार-पाच वेळा केलं. ती विचारत होती, काय झालं, बोला ना. मला भीती वाटली. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

२९ जून, गुरुवार

औरंगाबादचा डोळ्यांचा मोठा दवाखाना. महादेवी सोबत. डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी एक डोळा झाकायला सांगितला आणि हातात एक कार्ड दिलं. कार्डावर उभ्या-आडव्या रेघांचा तक्ता. मी महिनाभर जो तक्ता दुकानादुकानांतून काढून घेत होतो, तोच. 

थेंब घातले, प्रकाश मारला, फोटो काढला. मग बाई म्हणाल्या, “तुमच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला खराबी आहे. मधोमध, आत पाणी सुटलंय.”

मी म्हटलं, पडदा? त्या म्हणाल्या, हो, डोळ्याच्या आतला पडदा, त्याच्यावर चित्र उमटतं. मग विचारलं, रेघा वाकड्या दिसायला कधी लागल्या? माणसांना सहसा नीट सांगता येत नाही, म्हणाल्या, कारण दुसरा डोळा सांभाळून घेतो. मी सांगितलं, सत्तावीस मे, दुपारी. त्यांनी वर पाहिलं. माझ्याकडे लेखी नोंद आहे, सही आहे, म्हटलं. त्यांनी फोटो पुन्हा पाहिला. मग म्हणाल्या, काका, तेव्हाच यायला हवं होतं. महिन्यात बरंच गेलं. उजव्याची मधली नजर परत येणार नाही, लेझरने आहे ते जपता येईल. डावा सध्या चांगला आहे.

एसटीत महादेवीने माझा हात धरला होता. चारचौघांत तिने कधी धरला नव्हता. मला सारखं तेच आठवत होतं, किती जणांनी सांगितलं, रेघा सरळ आहेत.

१ जुलै, शनिवार

चारही अर्ज मागे घेतल्याची पत्रं पाठवली. महादेवीने लिहिली, मी सही केली.

संध्याकाळी रोहिणी आली, हातात कॉलेजचा दाखला. प्रोजेक्ट काल दाखल झालाय. मी विचारलं, कुठे केलास. खाली बघून म्हणाली, सौरभच्या दुकानात. मी आणि चैताली, मागच्या टेबलावर. त्याचा इन्व्हर्टर होता. आणि मशीन? तुम्ही बाद केलेला निशिमाच, म्हणाली. तुम्ही चार लोकांत त्याला बोललात, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने चैतालीकडून निरोप पाठवला होता की मशीन मोकळं आहे, येऊन काम करा.

मला आनंद झाला आणि त्याच वेळी मान वर होईना. मुलीला जवळ घेतलं. कोणता घ्यायचा ते तू ठरव, म्हटलं. ती म्हणाली, “ठरलेलाच होता अप्पा, पहिल्या दिवशी.”

३ जुलै, सोमवार

सकाळी एकटाच प्रज्ञा कॉम्प्युटर्सला गेलो. निशिमाचा कप्पा रिकामा होता. सौरभ काउंटरला, आत खुर्चीवर एक पांढऱ्या टोपीचा म्हातारा. ओळखलं नाही, पण कोण असेल ते कळलं. दोन गिऱ्हाइकं उभी होती. ती जाऊ द्यावीत असं वाटलं. मग वाटलं, आरोप चारचौघांत केला, तर हेही चारचौघांतच झालं पाहिजे. मी म्हटलं, “तुझ्या मालात खोट नव्हती. माझ्याच डोळ्यात होती. मी माफी मागायला आलोय.”

सौरभने रिकाम्या कप्प्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “पत्र मागं घेतलं म्हणून माल लगेच येत न्हाई, काका. लोक औरंगाबादला चाललेत.” मी म्हटलं, कंपनीच्या ऑफिसला मी स्वतः जातो, लागेल तिथे उभा राहतो. “बघा,” म्हणाला. माफ केलं असं म्हणाला नाही. त्याने म्हणावं अशी अपेक्षा करायचा मला हक्क नव्हता. थोड्या वेळाने त्याने स्टूल पुढे सरकवलं आणि कोणता डोळा, किती दिसतं, विचारलं. रोहिणीसाठी तिने काम केलेलंच मशीन बांधायला घेतलं. मी ते उघडून पाहिलं नाही.

तेवढ्यात ज्ञानोबा बोलला. आवाज शांत होता, दुखणाईताची चौकशी करावी तसा.

“सायेब, हे डोळ्याचं कवापासून हाय?”

मी सांगितलं, डॉक्टर म्हणतात फार तर दोन-तीन महिने.

“त्याच्या आदी काय तरास न्हवता?”

काहीच नव्हता, म्हटलं.

त्याने मान हलवली. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “मंजी आमच्या चकलांब्याच्या बाजारात डोळा चांगला व्हता.”

त्यात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. एकोणीस वर्षं त्याला काहीतरी समजलं नव्हतं आणि माझ्या आजारात त्याला त्याचं कारण सापडतंय का, ते तो बघत होता. मी हो म्हटलं असतं, की तेव्हाही नजरेत दोष असेल, तर म्हातारा उठून माझ्यासाठी चहा सांगून आला असता. वरची विचारणा, बाजारात दाखवायची एक जप्ती, सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. त्या ओळीतल्या बाकीच्या तीन सुया मला डोळ्यांसमोर लख्ख दिसत होत्या.

“हो ज्ञानोबा,” मी म्हटलं. “दोन्ही चांगले होते.”